बंदुकीविरुद्धची गाणी: वाचनालयातलं श्रवणसत्र आणि जाखडीचं नवं पद

ग्रंथपाल_राजापूर

आमच्या वाचनालयात श्रावणात दोन तासांचं श्रवणसत्र ठरलंय. विषय: बंदुकीच्या हिंसेविरुद्धची इंग्रजी गाणी, आणि समीक्षकांनी, रेडिओनं, सरकारी माणसांनी त्यांचं पुढे काय केलं. श्रोते चाळीस-पन्नास: कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, आणि शेजारच्या वाडीतल्या जाखडी मंडळाचे (जाखडी म्हणजे कोकणात गणपतीत गोल धरून नाचत म्हणायची गाणी) दहा-बारा जण. मंडळाला याच विषयावर गणपतीत म्हणायला एक पद बसवायचंय. त्यांचं निमित्त इथलंच आहे: पारधीत, म्हणजे शिकारीत, रानडुक्कर समजून माणसावर झाडलेला बार.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाणी कोणती आणि कुठल्या क्रमानं? इंग्रजी न कळणाऱ्यापर्यंत शब्द कसे पोचवायचे? आणि पद लिहिणाऱ्यानं या गाण्यांतून नक्की काय उचलावं? समोर शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले चार-पाच जण बसलेले असणार, हे धरून सांगा. सभागृहाला पत्र्याचं छप्पर आहे.

रेडिओकान

ताई, गाणी पुष्कळ सापडतील. निवडताना प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारा: यात बोलतंय कोण? मारणारा, बघणारा, की ज्याचं माणूस गेलं तो? या गाण्यांवरचे जवळजवळ सगळे वाद इथूनच पेटलेत. वाजवण्याआधी फळ्यावर एवढाच प्रश्न लिहून ठेवा.

सुरुवात 'ओहायो'पासून करा. ४ मे १९७० ला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. नील यंगनं गाणं लिहिलं आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या चौकडीनं ते २१ मे ला, म्हणजे सतराव्या दिवशी, स्टुडिओत एकत्र वाजवूनच ध्वनिमुद्रित केलं. जूनमध्ये रेकॉर्ड बाजारात आली. गाण्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं नाव थेट घेतलंय, म्हणून कित्येक एएम रेडिओ केंद्रांनी ते लावलं नाही. तरी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गाजत्या गाण्यांच्या, यादीत ते १४ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ध्रुवपदात काय आहे पाहा: मेलेल्यांचा आकडा आणि राज्याचं नाव. विशेषण नाही, उपदेश नाही. आकड्याशी वाद घालता येत नाही.

तीच युक्ती तीस वर्षांनी ब्रूस स्प्रिंगस्टीननं 'अमेरिकन स्किन' मध्ये वापरली. ४ फेब्रुवारी १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये साध्या वेषातल्या चार पोलिसांनी अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, त्यातल्या १९ लागल्या. त्याच्या हातात पाकीट होतं. फेब्रुवारी २००० मध्ये चौघे निर्दोष सुटले आणि ४ जून २००० ला अटलांटाच्या कार्यक्रमात हे गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं. रेकॉर्ड निघायच्या आधीच न्यूयॉर्कच्या पोलिस संघटनेच्या अध्यक्षांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमांवर बहिष्काराची हाक दिली. गंमत अशी की पहिल्याच कडव्यात गोळ्या लागलेल्या तरुणाशेजारी गुडघे टेकून त्याच्या जिवासाठी प्रार्थना करणारा पोलिस आहे. दुसऱ्या कडव्यात एक आई शाळेला निघालेल्या पोराला पोलिस भेटला तर हात दिसतील असे कुठे ठेवायचे ते बजावते. म्हणजे कवीनं दोन्ही बाजूंना आवाज दिला, आणि टीका मात्र ध्रुवपदातल्या ४१ या आकड्यावर झाली. तुमच्या कवीला हे आधी सांगा: लोक ध्रुवपद ऐकतात, कडवी नंतर वाचतात, वाचली तर.

आता उलटं उदाहरण. 'आय डोन्ट लाइक मंडेज', बूमटाउन रॅट्स, १९७९. २९ जानेवारी १९७९ ला सॅन डिएगोमध्ये १६ वर्षांच्या मुलीनं घरातून समोरच्या प्राथमिक शाळेवर गोळ्या झाडल्या. मुख्याध्यापक आणि शाळेचा रखवालदार मेले, आठ मुलं आणि एक पोलिस जखमी झाले. का केलंस, असं एका पत्रकारानं फोनवर विचारल्यावर तिनं जे उत्तर दिलं तेच बॉब गेल्डॉफनं ध्रुवपदात घातलं. ब्रिटनमध्ये गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, अमेरिकेत अनेक केंद्रांनी हात लावला नाही. गाणं वाईट नाही. उत्तरात अर्थ नाही, हेच त्याला सांगायचंय. पण आज ते सोमवारी कामावर जायचा कंटाळा आला की म्हणतात. मारणाऱ्याचं वाक्य ध्रुवपदात ठेवलं की पुढे त्याचं असंच होतं.

याच रांगेत 'पम्प्ड अप किक्स', फॉस्टर द पीपल. तुमच्या कॉलेजच्या मुलांनी शिट्टीसकट शंभरदा ऐकलेलं असेल. बंदूक हाती लागलेल्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते त्याच्याच तोंडून, आणि चाल अशी की पाय थिरकावेत. बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एमटीव्हीनं 'बंदूक' आणि 'गोळी' हे दोन शब्द कापले, म्हणजे विषयच कापला आणि शिट्टी ठेवली. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेल्यावर रेडिओनं ते जवळपास बंद केलं. पुढे लिहिणारा मार्क फॉस्टर स्वतःच म्हणू लागला की हे गाणं आता कार्यक्रमांतून काढून टाकावं का, असा विचार चालू आहे.

परवानाधारकांसाठी मात्र एक गाणं हवंच: लिनर्ड स्किनर्डचं 'सॅटर्डे नाइट स्पेशल', १९७५. अमेरिकेच्या दक्षिणेतला बँड, बंदुका ज्यांच्या घरोघरी, आणि गाणं स्वस्त पिस्तुलाविरुद्ध. शीर्षकाचा शब्दशः अर्थ लावलात तर फसाल. तो बोलीतला शब्द आहे, आपल्याकडे ज्याला गावठी कट्टा म्हणतात त्याच्या जवळचा. बंदूकवाल्यांच्या आतून आलेला आवाज बंदूकवाले ऐकतात. बाहेरून आलेला उपदेश ऐकत नाहीत.

लांज्याचा_ढोलकीवाला

रेडिओकान यांनी 'बोलतंय कोण' म्हटलं ते जाखडीवाल्याला समजवायला वेळ लागणार नाही. शक्ती-तुऱ्याची, म्हणजे दोन मंडळांच्या जाखडी सामन्याची, रचनाच सवाल-जवाबाची. एकाच पदात दोन तोंडं ठेवणं आपल्याला परकं नाही. पण हे पद सामन्यात टाकू नका. समोर दुसरं मंडळ असलं की जवाब म्हणजे चिमटा, आणि मेलेल्या माणसावरून चिमटे सुरू झाले की पद संपलं. आपल्याच मंडळात दोन गायक घ्या. एक परवानाधारक शेतकरी: भात पोटरीला आलंय, डुकरं रात्रीत दोन गुंठे लोळवून जातात, काय करू? दुसरा आवाज घरच्या बाईचा, किंवा हाका घालायला, म्हणजे ओरडून जनावर उठवायला, गेलेल्या पोराचा. पहिल्याला खोटं पाडायचं नाही. त्याचा सवाल खरा आहे म्हणून तर पद उभं राहतं.

रचना अशी धरा. गण आणि गवळण नेहमीचीच ठेवा, तिथे विषय आणू नका. पद चार कडव्यांचं, फार तर पाच. सहाव्या कडव्याला पब्लिक चहाला उठतं. ध्रुवपद दोन ओळींचं. शेवटच्या कडव्यात गुरूचं आणि कवीचं नाव येतंच. त्या कडव्यात मृत्यू ठेवू नका, नाहीतर मेलेला माणूस आणि कवीचं नाव एका श्वासात येतं आणि ते कानाला घाण लागतं. मृत्यू तिसऱ्या कडव्यात.

लयीचं सांगतो. केरवा (आठ मात्रांचा ताल), सुरुवातीला मिनिटाला ९० च्या आसपास मात्रा. आपली सवय म्हणजे दुसऱ्या कडव्यापासून चढवत नेऊन शेवटी दुगण (दुप्पट लय), आणि पोरं गोल फिरत सुटली की पायातल्या चाळांच्या आवाजात एक शब्द कळत नाही. म्हणून जे कळायलाच हवं ते सगळं ठायीत, म्हणजे संथ लयीतच, सांगून टाका. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी थांबा: ढोलकी बंद, झांज बंद, नाचणारे जागेवर.

या थांब्यात तीन गोष्टी बिघडतात. एक, बेंजोवाला किंवा ऑर्गनवाला शांतता भरून काढतो. त्याला आधीच हात मांडीवर ठेवायला सांगा. दोन, पब्लिकला वाटतं माइक गेला आणि शिट्ट्या सुरू होतात. म्हणून मुख्य शाहिरानं हात वर धरून उभं राहायचं, हात दिसतोय तोवर लोक गप्प राहतात. तीन, एखाद्याचे चाळ वाजतातच. नाचणाऱ्यांनी दोन्ही टाचा टेकूनच थांबायचं, एका पायावर नाही. चार आवर्तनं, म्हणजे ३२ मात्रा. ९० च्या लयीत ती एकवीस-बावीस सेकंद होतात, मंडपात ती खूप वाटतात. पहिल्याच वर्षी यापेक्षा लांब जाऊ नका.

गोळीच्या आवाजासाठी सुतळी बॉम्ब लावायची हौस कुणाला तरी येणारच. नको. गणपतीत लहान मुलं पुढ्यात बसलेली असतात. ढोलकीच्या शाईवर (कातड्यावरच्या काळ्या गोलावर) एक थाप आणि लगेच हात दाबून धरायचा, आवाज तिथेच मारायचा. एवढंच पुरतं.

खारेपाटणचो_गजालकार

रेडिओकानांनी सांगल्यानी ता सगळा बरोबर, पण 'पम्प्ड अप किक्स' नुसता सांगून उपयोग नाय. पोरांका पयल्यांदा शब्दांशिवाय आयकवा. पोरा माना हलवतली, शिट्टी मारतली. मगे ताच गाणा परत लावा, पडद्यार मराठी भावार्थ दाखवा, आणि गप रवा. काय एक बोलूचा नाय. तेवां पोरांका कळतला चाल काय करता ती.

आता पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. जाखडी मंडळांची आजची खोड म्हणजे गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची चाल उचलायची. तीन दिवसांत पद बसतं, पब्लिकला चाल ओळखीची असते, सगळं सोपं. या विषयाला तीच चाल घात करते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ गाण्याचे शब्द चालू असतात आणि तुमचे शब्द मागे पडतात. कवीला स्वतःची चाल सुचत नसेल तर मंडळाच्याच गुरूची जुनी चाल घ्यावी, जिला दुसरे कुठले शब्द चिकटलेले नाहीत.

ढोलकीवाल्यांशी एका बाबतीत माझं जमत नाही. दोन गायक दोन बाजू मांडणार हे दिसायला छान, पण शेतकऱ्याचा आवाज जर मंडळाचा मुख्य शाहीर म्हणत असेल तर पब्लिक त्याच्याच बाजूनं जाणार; गळा ज्याचा मोठा त्याचं खरं. मोठा गळा दुसऱ्या आवाजाला द्या.

उरणकर

इंग्रजी गाण्यांइतकाच जवळचा माल आपल्या किनाऱ्यावर पडून आहे. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह: अक्कादेवीच्या माळावर पोलिसांच्या गोळ्यांनी ८ सत्याग्रही गेले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ चं, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं न्हावा-शेवाच्या जमिनींचं आंदोलन: ५ हुतात्मे. सत्रात दहा मिनिटं याला द्या आणि 'ओहायो'च्या शेजारीच ठेवा, कारण तिथेही गोळी सरकारची आहे. पारधीतल्या अपघाताच्या शेजारी ठेवू नका. गोळी कुणाची, हा प्रश्न 'बोलतंय कोण' याच्याइतकाच मोठा आहे आणि वरच्या प्रतिसादांत दोन्ही जरा एकत्र झालेत. सरकारची गोळी, शाळेत घुसलेल्या पोराची गोळी आणि चुकून सुटलेला बार, यांना एकच शब्द लावला की सत्राचा गोंधळ होतो. 'बंदुकीची हिंसा' हा शब्दही मला मराठीत अवघडच वाटतो. गोळीबार, खून आणि अपघात हे तीन शब्द आपल्याकडे आहेत, ते जागेवर वापरा. तुमच्या तालुक्यात साखरी नाट्याला एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीनं एक मच्छीमार गेला, हे श्रोत्यांपैकी कुणी तरी काढेलच. काढू द्या, पण सूत्रसंचालकाला आधी कल्पना हवी.

पदाचा कायदेशीर भाग. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि परवानगीवाचून पारध हा गुन्हाच आहे. विनापरवाना ठासणीची बंदूक हा तिसराच प्रकार. पदात 'बंदूकवाला' असा एकच शब्द वापरलात तर हे तिन्ही एका दोरीत बांधले जातात आणि समोरचा परवानाधारक पहिल्या कडव्यालाच कान बंद करतो. 'पारध' म्हणायचं तिथे पारधच म्हणा.

परवान्याची खरी बंदूक नाचात आणायची कल्पना कुणी काढली तर तिथेच मोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उत्सवात-मिरवणुकीत बेदरकारपणे बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लाकडाचीही नको, काठी पुरते, जाखडीत काठीची बंदूक समजायला कुणाला अडचण येत नाही.

ज्या घरातला माणूस गेला त्यांची परवानगी लेखी नको, पण तोंडी आणि समक्ष घ्या, आणि पद बसल्यावर पहिल्यांदा त्यांना ऐकवा. नाव, वाडी, तारीख काही घालू नका. प्रकरण कोर्टात असेल तर बार कसा सुटला याचं वर्णनही नको.

रेडिओकान

उरणकरांचा आक्षेप मान्य. त्यावरून राहिलेलं एक गाणं आठवलं, आणि खरं तर तेच मंडळाच्या सगळ्यात उपयोगाचं.

१३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. गावातल्याच टेड ख्रिस्तोफर या गायकानं बॉब डिलनच्या 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' ला नवं कडवं जोडलं. डिलननं त्याची परवानगी दिली. मूळ गाणं १९७३ च्या एका वेस्टर्न सिनेमातलं, मरणारा शेरीफ बंदुका खाली ठेवायला सांगतोय. कोरसमध्ये गावातली मुलं, गिटारवर मार्क नॉफ्लर. डिसेंबर १९९६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कलाकुसर म्हणून साधंच आहे. पण बोलतंय कोण, याचं उत्तर इथे सरळ आहे, त्यामुळे समीक्षकाला बोट ठेवायला जागा उरत नाही. जुनी चाल, एक नवं कडवं, गावची पोरं, आणि आधी परवानगी: तुमच्या मंडळाला याहून जवळचा नमुना नाही. फक्त श्रोत्यांना असं सांगू नका की या गाण्यामुळे ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर बंदी आली. १९९७ चे दोन कायदे सात लाखांहून अधिक सह्यांच्या अर्जानं, चौकशी समितीनं आणि निवडणुकीनं आणले.

ग्रंथपाल_राजापूर

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. कॉलेजची मुलं 'धिस इज अमेरिका' चा व्हिडिओ लावाच म्हणून मागे लागलीत. लावावा का? आणि रॅपमध्ये तर बंदुकीची फुशारकीच असते, मग त्याला निषेध कसं म्हणायचं, असं एका निवृत्त सरांनी विचारलंय. त्यांना काय सांगू?

रेडिओकान

व्हिडिओ लावा, पण शेवटी लावा आणि आधी सांगून लावा. गायक चाइल्डिश गॅम्बिनो, मे २०१८, दिग्दर्शक हिरो मुराई. पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत जवळून झाडलेली गोळी दिसते, आणि पुढे चर्चमधल्या गायकवृंदावर बंदूक चालते. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले, त्याची ती आठवण. दारापाशी हे सांगा, म्हणजे ज्याला बघायचं नाही तो बाहेर चहा घेईल. गाणं बिलबोर्डवर थेट पहिल्या क्रमांकावर आलं आणि २०१९ मध्ये चार ग्रॅमी मिळाले. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' मिळवणारं ते पहिलं रॅप गाणं. मुलांना एकच गोष्ट बघायला सांगा: प्रत्येक वेळी बंदूक लाल कापडात अलगद उचलून नेतात आणि मेलेल्याला फरपटत नेतात. सगळं भाष्य त्या कापडात आहे.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. एक बाजू म्हणाली, इतकं नेमकं कुणी दाखवलं नव्हतं. दुसरी म्हणाली, काळ्या माणसाचं मरण पुन्हा तमाशा झालं, आणि जे हे रोज भोगतात त्यांना ते परत दाखवून काय मिळालं? २०१९ मध्ये मॅडोनानं 'गॉड कंट्रोल' च्या व्हिडिओत नाइटक्लबमधला गोळीबार दाखवला तेव्हा हाच आक्षेप आणखी तिखट होऊन आला, कारण या वेळी बोलणारे खऱ्या गोळीबारांतून वाचलेले लोक होते. मला स्वतःला गॅम्बिनोचा व्हिडिओ टिकतो असं वाटतं आणि मॅडोनाचा टिकत नाही. पहिल्यात नाचणाऱ्याला कळतं की आपणही गुन्ह्यात सामील आहोत. दुसऱ्यात गायिका बाहेर बसून टाइप करते.

सरांना सांगा, फुशारकी आहे, नाही कशी. पण १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॅपर मंडळींनी केआरएस-वन या रॅपरच्या पुढाकारानं 'सेल्फ डिस्ट्रक्शन' हे गाणं आपापसातल्या खुनांविरुद्ध केलं आणि त्याचं उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या काळ्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलं. केआरएस-वनचा जोडीदार स्कॉट ला रॉक १९८७ मध्ये गोळीनंच गेला होता. आणि फुशारकीच्या गाण्यातला 'मी' म्हणजे कवीच, असं धरून अमेरिकेतले सरकारी वकील गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून कोर्टात वाचतात. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये त्यावर मर्यादा घालणारा कायदा केला. लंडनमध्ये जानेवारी २०१९ मध्ये ड्रिल या रॅपच्याच प्रकारातल्या दोन गायकांना कोर्टाची मनाई मोडून एक गाणं म्हटल्याबद्दल स्थगित कैदेची शिक्षा झाली. लावणीतला 'मी' शाहीर स्वतः नसतो, हे सरांना कुणी शिकवायला नको.

शेवटी शेरिल क्रो या गायिकेचाही किस्सा सांगता येईल. १९९६ च्या अल्बममधल्या एका गाण्यात मुलं वॉलमार्टमधून घेतलेल्या बंदुकीनं एकमेकांना मारतात अशा अर्थाची ओळ होती. वॉलमार्टनं अल्बमच दुकानात ठेवला नाही. रेडिओची बंदी सगळ्यांना माहीत असते, फडताळाची बंदी कुणाच्या लक्षात येत नाही.

क्रम: ओहायो, मग उरणकरांची दहा मिनिटं, अमेरिकन स्किन (साधारण ८ मिनिटांचं आहे, तयारी ठेवा), सॅटर्डे नाइट स्पेशल, चहा. मग मंडेज, पम्प्ड अप किक्स दोनदा, डनब्लेन, आणि शेवटी व्हिडिओ. निव्वळ गाणी चाळीस मिनिटांच्या आत बसतात. पूर्ण भाषांतर छापून वाटू नका. प्रत्येक गाण्याचा चार-पाच ओळींचा भावार्थ पडद्यावर दाखवा. हक्कांचा प्रश्नही टळतो आणि लोक कागदात डोकं घालून बसत नाहीत.

लांज्याचा_ढोलकीवाला

छपराचं राहिलं. पत्र्यावर श्रावणातली सर आली की कुठलाच स्पीकर शब्द ऐकवत नाही, आवाज वाढवलात तर फक्त घणघण वाढते. म्हणून भावार्थ पडद्यावर हवाच, अक्षर मोठं, एका वेळी दोनच ओळी. कर्णे लावू नका. त्यातून खालचा (बेसचा) आवाज येत नाही आणि गॅम्बिनोच्या गाण्याची अर्धी भीती खालच्या आवाजात आहे. बारा इंची दोन स्पीकर, कानाच्या उंचीवर, श्रोत्यांच्या जवळ. गाणी रीतसर विकत घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा, पावसात रेंजच्या भरवशावर बसू नका. लाईट जाणार हे धरूनच चला: प्रोजेक्टर २५०-३०० वॅट खातो, स्पीकर मध्यम आवाजात शंभरेक, ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची चांगली बॅटरी दोन तास काढते. पंखे त्यावर टाकू नका.

आणि तिकीट लावू नका. ना नफा तत्त्वावरच्या संस्थेनं स्वतःच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला कायद्यात सवलत आहे. पैसे घेतलेत की वाद सुरू.

खारेपाटणचो_गजालकार

मोठ्या गळ्याचं काय ठरलं?

लांज्याचा_ढोलकीवाला

मानलं. मुख्य शाहीर बाईचा आवाज म्हणेल. शेतकऱ्याचा सवाल कोरसमधल्या एखाद्या वयस्क माणसाला द्या, ज्याच्या घरी खरोखर परवाना आहे. तो म्हणाला की पुढच्या रांगेतले परवानावाले हलणार नाहीत. फक्त त्याची पट्टी (सुराची उंची) आधी तपासा. मुख्य शाहिराच्या काळी चारमध्ये (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) त्याचा आवाज चढत नसेल तर पद काळी दोनमध्ये उतरवा, आणि ढोलकी त्याच दिवशी त्या पट्टीत लावून ठेवा. ऐन गणपतीत उतरवायला गेलात तर पावसाळी हवेत शाई ओढ धरत नाही.